थोरल्याला उघडतंय का?

कोल्हापुरात अनोळखी माणसाला पावणं म्हणतात. त्यामुळे पहिल्या भेटीत नकाशेवाल्यांनी मला "या पावणं, बसा की" म्हटलं, त्यात मला विशेष वाटलं नाही. पुढचा प्रश्न मात्र समजला नाही.

"तुमचं काम पावण्यावर करू का थोरल्यावर?"

मला वाटलं, हाताखाली दोन माणसं असतील. पण खोलीत आम्हा दोघांशिवाय कुणी नव्हतं. भिंतीला लावून तीन कॉम्प्युटर मांडले होते, वयाच्या क्रमानं.

ते घरांचे नकाशे काढत. शाहूपुरीत टायरच्या दुकानावर, सतरा पायऱ्या चढून गेल्यावर, दहा बाय साडेअकराची खोली होती. मी एका दूध संस्थेच्या प्रयोगशाळेत काम करतो. दिवसभर फॅट मोजतो, आणि दशांश चिन्हानंतरच्या एका आकड्यावरून लोक माझ्याशी भांडतात. त्यामुळे मोजल्याशिवाय मला काही खरं वाटत नाही. त्यांच्याकडे मी चौदा महिन्यांत एकेचाळीस वेळा गेलो. बाकीच्यांना घराच्या परवानगीसाठी सहा-सात खेपा पुरतात, असं नंतर कळलं.

डावीकडचा कॉम्प्युटर म्हणजे थोरला. त्याचा पडदा जुन्या टीव्हीसारखा पाठीमागे फुगलेला होता. खोलीतला एकुलता एक पंखा त्याच्याकडे तोंड करून फिरायचा आणि आलेली माणसं उकडत बसायची. त्याच्यात नकाशाच्या सॉफ्टवेअरचं सगळ्यात जुनं व्हर्जन होतं. त्याला इंटरनेटची वायर कधीच लावलेली नव्हती. "भायरचं वारं लागू देत न्हाय," असं ते म्हणायचे. मधल्या कॉम्प्युटरमध्ये त्याच्यानंतरचं व्हर्जन. उजवीकडचं ते पावणं, म्हणजे सगळ्यात नवं.

काम पावण्यावर झपाट्यानं व्हायचं. पण काढलेला नकाशा जुन्या व्हर्जनमध्ये सेव्ह करून, पेन ड्राइव्हवरून थोरल्याकडे न्यायचा, तिथे उघडायचा आणि कागदावर काढायचा. मग पावण्याचा कागद आणि थोरल्याचा कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरायचे. रेघेवर रेघ बसली तरच फाईल जिना उतरणार. कागद धरायला गिऱ्हाईकच असे. मी किती वेळा हात वर करून त्या काचेपाशी उभा राहिलो ते लिहून ठेवायचं राहिलं, याची मला अजून चुटपुट आहे.

याला कारण होतं. नकाशे ज्या ऑफिसात मंजुरीला जात तिथे आधी एक प्रोग्रॅम ते तपासायचा, मग माणूस. तो प्रोग्रॅम थोरल्याच्याच वयाचा होता. नव्या व्हर्जनची फाईल दिली तर फाईलच नाही म्हणायचा.

"त्यात त्याची काय चूक?" ते म्हणायचे. "आपुन म्हाताऱ्या माणसासंगं इंग्लिश बोलतो व्हय?"

नवं व्हर्जन घ्यायला त्यांची ना नव्हती. घाई मात्र नव्हती. रोज सकाळी पडद्यावर सूचना यायची, नवीन व्हर्जन उपलब्ध आहे. तिला ते मान हलवून "व्हय, बघू की" म्हणायचे आणि 'नंतर'चं बटण दाबायचे. मग चौकशी सुरू व्हायची. सांगलीला, इचलकरंजीला, निपाणीला फोन जायचे. एकदा मी समोर बसलो असताना अर्धा तास फोन चालला होता.

"वागाय कसं हाय?" ते विचारत होते. "मधीच बंद पडतंय का? जुन्यांचा मान ठेवतंय? आन सेव्ह करताना गुपचूप नव्यातच करतंय का इचारून करतंय?"

मला वाटलं पुतणीला स्थळ बघताहेत. शेवटचा प्रश्न ऐकून उलगडा झाला.

सगळीकडून बरं कानावर आलं की तयारी. सगळ्या फायलींच्या दोन प्रती वेगवेगळ्या डिस्कवर काढायच्या. एक प्रत राहत्या घरी आणि एक मलकापूरला बहिणीकडे, भाताच्या कणगीत. "इथं आग लागली तर?" म्हणायचे. कणगीच का, यावर, "तितं बहीण रोज हात घालती, डिस्क गेली तर त्याच दिवशी कळंल," हे उत्तर. मग नवं व्हर्जन जुन्याच्या शेजारी बसवायचं. जुनं काढायचं नाही. नव्यात मूळ फाईल उघडायची नाही, तिची नक्कल उघडायची. आणि आधी परीक्षेचा कागद. त्यात एक सरळ रेघ, एक गोल, एक जिना, फुटातलं माप, मीटरमधलं माप आणि कऱ्हाड, क्षेत्रफळ, स्वच्छतागृह हे तीन शब्द. नव्यात लिहिलेली मराठी अक्षरं थोरल्यात गेली की नुसते चौकोन दिसायचे, म्हणून ते प्रत्येक अक्षराच्या रेघा करून टाकायचे. रेघ सगळ्यांना कळते. हे सगळं जमलं तरी तीन महिने त्या व्हर्जनला पावणंच म्हणायचं. तीन महिन्यांनी ते घरचं.

एकदा त्यांच्या घरी गेलो होतो तेव्हा वहिनी चहा देताना म्हणाल्या, "लगीन झाल्यावर तीन म्हैनं मलाबी पावणीच म्हणत हुते. सासूबाई लाजायच्या."

"मग? नंतर काडलं का न्हाय?" ते म्हणाले.

"काडलं. पर माझ्या आदीचा तवा अजून ठेवलाय. माझ्या तव्यावरची भाकरी आन त्या तव्यावरची, दोनी आईला दावायचे."

"रेघंवर रेघ बसत हुती म्हणून तू हाईस," ते शांतपणे म्हणाले आणि बशीत चहा ओतला.

मोबाईलचंही तेच. नव्या फोनवरून कुणाला निरोप पाठवायचा तर आधी आपल्याच जुन्या बटणांच्या फोनला पाठवायचे आणि तिथे वाचता आला तरच पुढे. मला त्यांचा प्रत्येक निरोप पंधरा-वीस मिनिटं उशिरा मिळे. एकदा निरोप होता, 'मी खाली उभा आहे.'

आता माझी गरज काय होती ते सांगतो. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, मूळचे शाहूवाडीकडचे. आयुष्य भाताच्या खाचरात गेलं. वय ऐंशीच्या पुढे. आम्ही राजारामपुरीत भाड्यानं दुसऱ्या मजल्यावर राहत होतो. अडतीस पायऱ्या. गुडघे दुखायला लागल्यापासून सात महिने आबा खाली उतरले नव्हते. धरून उतरवता आलं असतं. पण ते म्हणायचे, "उतरून जायाचं कुठं? परत चढायचंच हाय." गॅलरीत अकरा पावलं जात आणि अकरा पावलं येत. मी घड्याळ लावायचो. पावलं तेवढीच राहत होती आणि वेळ वाढत होता. अकरा पावलांना आधी चाळीस सेकंद लागत, ती पंचावन्नवर गेली होती. पाचगावकडे आमचा एक प्लॉट होता. तिथे तळमजल्यावर आबांची खोली, बाहेर उघडणारं दार आणि पायरीऐवजी उतार, एवढंच मला हवं होतं. आबांचे पाय चालताहेत तोवर.

त्यामुळे नकाशेवाल्यांचा उशीर मला बोचायचा. अखेर त्यांनी नकाशा काचेवर तपासला, कागदांवर सह्या केल्या, पेन ड्राइव्ह माझ्या हातात दिला आणि मेव्हणे वारले होते, त्यांच्या दिवसांना मलकापूरला गेले. "सोमवारी द्या ऑफिसात," म्हणाले.

रविवारी मी आबांसाठी दुकानात एक वॉकर मोजला. रुंदी चोवीस इंच. दोन्ही बाजूंना हाताची बोटं धरून अठ्ठावीस. नकाशात आबांच्या खोलीचं दार अडीच फूट, म्हणजे तीस इंच. फार तर एकेक इंच उरत होता. मला ते पटेना. दार तीन फूट हवं. त्यांना फोन केला तर तो दिवसांच्या घरात, बंद. आमच्या संस्थेच्या बांधकाम विभागात एक इंजिनिअर बाई होत्या. त्यांच्या लॅपटॉपवर सगळ्यात नवं व्हर्जन. त्यांनी चार मिनिटांत दार तीन फूट केलं आणि वर म्हणाल्या, "जुन्या व्हर्जनमध्ये सेव्ह करून देते, काळजी नको." एकेचाळीस खेपा घालणाऱ्या माणसाला चार मिनिटांचं काय कौतुक वाटतं ते सांगता येणार नाही. मी फाईल थोरल्याला दाखवली नाही. सोमवारी सकाळी ऑफिसात दिली.

नवव्या दिवशी खिडकीवरच्या कारकुनांनी बोलावलं.

"पावणं, घर ल्हान हाय."

"चोवीस बाय बत्तीस आहे," मी म्हणालो.

"फूट न्हवं." त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. "अठ्ठावीस पॉइंट आठ सेंटिमीटर बाय अडतीस पॉइंट चार. एकूण बांधकाम शून्य पॉइंट अकरा चौरस मीटर."

मी वाचलं. एकोणीस मुद्दे होते, त्यांतले आठ पास. इमारतीची उंची मर्यादेत. लिफ्ट आवश्यक नाही. वाहनतळ आवश्यक नाही.

"संडास बघा," ते म्हणाले. "छत्तीस मिलिमीटर बाय अठ्ठेचाळीस." त्यांनी खिशातून काड्याची पेटी काढून माझ्यापुढे ठेवली. "ह्यो एवडा. बांधाय माझी हरकत न्हाय, पर बसणार कोण?"

मागच्या रांगेतले दोघं पुढे येऊन पेटी बघून गेले.

"नियमापेक्षा मोठं बांधून आल्यालं लई बघितलं," कारकून म्हणाले. "ल्हान बांधणारं तुमीच पैलं."

काय झालं ते मला तिथेच उमगलं. नकाशा इंचात काढलेला होता. त्या चार मिनिटांत जुन्या व्हर्जनमध्ये सेव्ह होताना आकडे तसेच राहिले आणि ते इंच आहेत ही खूण गळाली. प्रोग्रॅमनं ते मिलिमीटर धरले. कडेला लिहिलेली मापं बरोबर होती, पण प्रोग्रॅम लिहिलेलं वाचत नाही, रेघ मोजतो. नकाशा परत आला. आता पुन्हा रांगेच्या शेवटी उभं राहायचं, म्हणजे आणखी दीड महिना. त्या आठवड्यात आबांची अकरा पावलं अठ्ठावन्न सेकंदांवर गेली होती.

मी शाहूपुरीच्या त्या सतरा पायऱ्या चढलो. ते परत आले होते. मी सगळं सांगितलं, काड्याच्या पेटीसकट. ते रागावले नाहीत. पेन ड्राइव्ह घेतला आणि थोरल्याला लावला. फाईल उघडली.

"उघडली," मी जरा आशेनं म्हणालो.

"उघडणं येगळं, वळखणं येगळं," ते म्हणाले. "थोरल्यानं दार उघडलं. कोण आलंय ते त्याला कळंना." मग माझ्याकडे न बघता विचारलं, "हिला कुणाकडं न्हेलतासा?"

एखादी मुलगी उशिरा घरी आल्यावर विचारावं तसं. मी इंजिनिअर बाईंचं सांगितलं. मग म्हणालो की फार काही बिघडलेलं नाही, सगळ्याला पंचवीस पॉइंट चारनं गुणलं की घर मूळ मापाला येतं, एका सेकंदाचं काम आहे, मी पडताळून पाहिलंय.

"आकडा बरुबर हाय. पर मी तसलं घिऊन जाणार न्हाय. इंच गळाला, त्यो दिसला तरी. न दिसलेलं काय काय गळालंय, कुणाला ठावं?"

त्यांनी ती फाईल बंद केली आणि थोरल्यात ठेवलेली जुनी, कुणाकडे न गेलेली प्रत काढली. ती बिघडली असती तर घरी होती, घरची बिघडली असती तर कणगीत होती. एवढं करून त्यांनी दारावर बोट ठेवलं.

"हे तीन फूट पायजे, असं कुणी सांगितलं?"

"मी हिशोब केला. वॉकर, अधिक हात."

"जाणार कोण ह्यातनं?"

"आबा."

"त्यास्नी दावलंसा?"

"त्यांना नकाशा वाचता येत नाही."

"म्हंजी त्यास्नी उघडंना." त्यांनी दारावरचं बोट उचललं. "मग अजून जुन्यात सेव्ह कराय पायजे."

मी थोरल्याकडे बघितलं.

"ह्याच्याबी आदीचं," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी सकाळी ते आमच्या अडतीस पायऱ्या चढून आले. हातापायांना पांढरं काहीतरी लागलेलं. खुर्चीवर न बसता ते आबांच्या समोर उकिडवे बसले आणि त्यांच्याशी बोलताना एकही इंग्रजी शब्द वापरला नाही. व्हर्जन नाही, फाईल नाही, प्लॅन नाही.

"आबा, तुमची खोली आखलीया. तपासाय चला."

"आखलीया? बांदली न्हाय?"

"तुमी बघितल्याबिगर कशी बांदायची?"

आबा डॉक्टरसाठी उतरले नव्हते, डॉक्टरच वर यायचे. चुलतभावाच्या नातीच्या लग्नालाही उतरले नव्हते. आता म्हणाले, "माझी टोपी कुठं ठेवली रं?"

उतरायला एकवीस मिनिटं लागली. पहिल्या मजल्याच्या वळणावर ते दोनदा बसले. दुसऱ्यांदा बसले तेव्हा मी म्हणालो, राहू दे, परत जाऊ. आबा म्हणाले, "वर अठरा हाईत, खाली ईस. दोन पायऱ्यांसाठी मागं फिरू व्हय?" तेव्हा मला कळलं की मोजायची खोड माझी एकट्याची नाही. बेरीज त्यांची बरोबर होती, वरच्या-खालच्या पायऱ्यांची वाटणी चुकली होती, पण मी ती दुरुस्त केली नाही.

पाचगावला रिक्षातून उतरलो. रिकाम्या प्लॉटवर पांढऱ्या फक्कीनं, मैदानावर आखतात ती, अख्खं घर आखलेलं होतं. चोवीस बाय बत्तीस, खऱ्या मापाचं. दोरी लावून, काटकोन साधून. पहाटेपासून त्यांनी एकट्यानं केलं होतं. भिंतींना दोन दोन रेघा आणि दारांच्या जागी रेघेत फट.

आबांच्या दारापाशी मात्र अडचण आली. फटीला धरायला काही नव्हतं. नकाशेवाल्यांनी मला एका कडेला उभं केलं आणि स्वतः दुसऱ्या कडेला उभे राहिले. मधे तीन फूट, टेप लावून. आम्ही दोघं दाराची चौकट झालो.

"या," ते आबांना म्हणाले.

आबांनी काठी रिक्षावाल्याकडे दिली आणि दोन्ही हात पसरले. उजवा हात माझ्या खांद्यावर आला. डावा त्यांच्या खांद्यापर्यंत जाताना आबा एका बाजूला कलले.

"जरा आत सरका की दोघं," आबा म्हणाले.

आम्ही सरकलो. "अजून. हां." दोन्ही हात बसले. आबा आत गेले. वॉकर त्यांनी आयुष्यात वापरला नसता, हे मी दुकानात जाऊन मोजलं नव्हतं. नकाशेवाल्यांनी आम्ही उभे होतो तिथे टेप धरला.

"दोन फूट सात इंच," ते म्हणाले आणि खडूनं तळहातावर लिहिलं.

आधी अडीच होतं. ज्या सहा इंचांपायी मी घर काड्याच्या पेटीएवढं करून ठेवलं, त्यातला एक इंच उरला.

त्या मापानं नकाशा दुरुस्त झाला, थोरल्यानं उघडला आणि ओळखला, काचेवर रेघेवर रेघ बसली. परवानगी बेचाळीस दिवसांनी आली. पुढे घरही झालं. आबा तिथे राहायला गेले तेव्हा अकरा पावलांना एकसष्ट सेकंद लागत होती. खोलीपासून फाटकापर्यंत चौतीस पावलं आहेत, ती ते रोज सकाळी जातात आणि येतात. किती वेळ लागतो ते मी आता मोजत नाही. नकाशेवाले काही वर्षांनी खोली सोडून मलकापूरला बहिणीकडे गेले. थोरल्यालाही नेलं. रिक्षात त्याला आतल्या बाजूला बसवलं होतं आणि ते स्वतः कडेला बसले होते, अर्धे बाहेर.

त्या रविवारी आत गेल्यावर आबांनी खोलीत सगळीकडे फिरून बघितलं. पलंग कुठं, खिडकी कुठं, विचारून घेतलं. मग रिक्षातली पाठीची उशी मागवली, जमिनीवर टाकून बसले आणि म्हणाले, आता घटकाभर इथंच बसणार. उन्हं चढत होती. नकाशेवाले दाराबाहेर चपला काढून आत गेले आणि त्यांच्यापुढे मांडी घालून बसले. दोघांचं भाताच्या जातींवर बोलणं सुरू झालं.

मी रस्त्यावरच्या टपरीवरून आबांना पाण्याची बाटली घेऊन आलो. जवळच्या बाजूनं सरळ त्यांच्याकडे निघालो आणि दोन पांढऱ्या रेघा ओलांडल्या. दोघांचं बोलणं थांबलं.

"आरं, भितीतनं काय येतोस?" आबा म्हणाले. "दार केलंय न्हवं?"

मी आलो तसा मागं गेलो, वळसा घातला, आणि दोन फूट सात इंचांतून आत गेलो.